पूर्वअट

तीनशे साठ गुण. निम्मे सक्तीचे,
उरलेले तुझ्या मर्जीचे, म्हणजे वेळापत्रकाच्या मर्जीचे.
हे वाक्य मी वर्षाला दोनशे वेळा म्हणतो
आणि दर वेळी खिडकीबाहेर बघतो,
जिथे लीथ नदीचं पाणी दगडांना वळसा घालून
कुणाची सही न घेता डनेडिनच्या बंदराकडे निघालेलं असतं.

समोर हिनेवाई ब्रॅग.
ब्लफहून आलेली. ओल्या लोकरीचा वास,
बोटांवर कालवांच्या शिंपल्यांचे पांढुरके चरे.
सुट्टीत बापाच्या बोटीवर काम करते.
दिवसाला किती कालवं फोडतेस, विचारलं
तर आकडा सांगत नाही, मनगट दाखवते.

तिला ग्राफिक्स हवंय.
माहितीपत्रकात सहा चौकटी आहेत स्पेशलायझेशनच्या:
सुरक्षा, डेटा, नेटवर्क, ग्राफिक्स, यंत्राचं शिकणं,
आणि सहावी, जिच्यात दर तीन वर्षांनी नवं नाव घालतात.
पूर्वी तिथे माझा विषय होता. कंपायलर.
छपाईच्या एका रात्रीत गेला.
मी सकाळी आलो तेव्हा माझं तरुणपण ऐच्छिक झालं होतं.

ग्राफिक्सच्या आधी अल्गोरिदम.
अल्गोरिदमच्या आधी डिस्क्रीट गणित.
डिस्क्रीट गणितात हिनेवाई दोनदा नापास,
एकदा सात गुणांनी, एकदा दोन.
पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही म्हणतात;
आमच्याकडे पोहता येतं हे सिद्ध केल्यावाचून
पाणी दाखवत नाहीत.

ती वाद घालत नाही. लॅपटॉप उघडते.
पडद्यावर सामुद्रधुनीचा तळ,
त्यावरून लोखंडी जाळं ओढत गेलेली बोट,
आणि मागे उठलेला चिखल
सावकाश,
फार सावकाश,
खाली बसतो आहे.
"आठशे कणांपर्यंत ठीक चालतं," ती म्हणते,
"दहा हजार केले की चहा करून यावं लागतं."

मी कोड वाचतो. बरेच दिवसांनी कुणाचा तरी कोड
पत्र वाचावं तसा वाचतो.
तिचा प्रत्येक कण इतर प्रत्येक कणाला विचारतोय,
तू माझ्याजवळ आहेस का? तू? तू?
एवढ्या मोठ्या गावात घरोघर जाऊन
आपला शेजारी शोधणारा माणूस.

मी कागद ओढतो. तळाच्या चौकटी पाडतो.
"फक्त आपल्या नि लगतच्या चौकटीतल्यांना विचार."
ती बघत राहते.
नाकावरची ओली बट फुंकून बाजूला करते.
"हे कुठल्या पेपरात शिकवतात?"
मी सांगतो.
"ज्याला मला बसू देत नाही तुम्ही, त्यात."

आता खरं सांगायला हवं.
ती अट काही डोंगरावरून उतरलेली नाही.
चौऱ्याण्णवच्या जुलैत, शुक्रवारी, चारनंतर,
नऊ माणसं होती खोलीत आणि एकच हीटर.
पाच विरुद्ध चार.
पाचवा हात माझा.
गणितावर श्रद्धा होती म्हणून नव्हे;
साडेचारची बस होती, आणि गार पडलो होतो.

तेव्हापासून त्या हाताखालून
किती जण परत फिरले, मोजलेलं नाही.
काहींचं भलंही झालं. गिडियन लोथियन
तिसऱ्यांदा बसून पास झाला, आता ऑकलंडला तेच शिकवतो,
नाताळला कार्ड पाठवतो. बाकीच्यांची कार्डं येत नाहीत.

हिनेवाई ऐकून घेते. हसते, चक्क.
"मग आता खाली घ्या की हात."

शिथिलीकरणाचा फॉर्म कपाटात सर्वांत खाली असतो.
मी लिहितो: दोन्ही विषय एकाच सत्रात.
म्हणजे डिस्क्रीट गणित सुटत नाही, हे तिला दाखवतो.
"माहितीये," ती म्हणते, "मंगळवारी सकाळी आठ. शी."
कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
'चिखल' लिहिलं,
मग खोडून 'पूर्वानुभव'.

गेल्यावर पाहिलं, चौकटींचा कागद तिने नेला होता.
फॉर्मची तिची प्रत मात्र
खुर्चीवर तशीच.