दुसऱ्यातून तिसऱ्यात

रकाना दोन बोटांचा.
त्यात ग्राहकाची तक्रार लिहायची,
ग्राहकाच्याच शब्दांत, असा वरून आदेश.
पदाजी मढवी, दिवाळे गाव. पिकअप, पांढरी, ऑटोमॅटिक.
एकतीस हजार चारशे किलोमीटर.
मागच्या हौद्यात रिकामे क्रेट, आणि बर्फाचं पाणी
आमच्या तुर्भ्याच्या वर्कशॉपमधल्या
नुकत्याच पुसलेल्या फरशीवर टिपटिपतंय.

"लिव," म्हणाले, "गारी ईचार करते."

मी लिहिलं: गिअर बदलताना विलंब.

"विलंब नाय गो. विलंब पगाराला होतो.
ही ईचार करते.
दुसऱ्याशी तिसऱ्यान जाताना उंबऱ्यावर उभी ऱ्हाते,
आत येऊ का नको.
मंग मागशी कोन ढकलल्यासारी येते."

खोडलं. लिहिलं: धक्का.

यंत्र जोडलं. पडद्यावर एकही चूक नाही.
कोलत्यांनी तेलाचा थेंब नाकाशी धरला,
करपलेला नाही, डाळिंबाच्या सरबतासारखा लाल.
अशा वेळचं कंपनीचं उत्तर
माझ्या दाढेखाली लवंगेसारखं तयार असतं:
काका, हिच्यात असं असतंच. ही तुमचा पाय शिकतेय.

"दीड वरीस?" ते म्हणाले.
"मना डंपर शिकाला बारा दिस लागले.
पारसिकच्या खाणीन. त्याला तर ब्रेकपन नव्हता."

मग चाचणीला निघालो, मी शेजारी, मांडीवर जॉबकार्ड.
बेलापूरपर्यंत गाडी अशी सरळ वागली,
जशी दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते.
ते ओशाळले. मी खिडकीबाहेर पाहिलं.

पारसिकच्या चढाला लागलो आणि तिथे,
तिसऱ्या वळणाच्या अलीकडे,
ती थांबली नाही, पण थांबल्यासारखी झाली.
इंजिन वर ओरडतंय, चाकांना निरोपच नाही.
मग दणका. हौद्यातले क्रेट एकमेकांवर आदळले.
"बघलंस?"

मी भलतंच बघत होते.
त्यांचा डावा पाय.
वाटी बदललेला गुडघा, ज्याच्यासाठी मुलाने
हट्टाने बिनक्लचची घेतली,
तो पाय रिकाम्या चटईवर खाली दाबला जात होता,
दर गिअरच्या अर्धा श्वास आधी.
आणि डावा दाबला की उजवा सुटत होता.
चाळीस वर्षांची जोडी, एकाला कळवून दुसरा हलणार.
गाडीला वाटतं, यांना जायचं नाहीये.
ती थबकते.
यांना वाटतं, ही थबकली. हे दाबतात.
दोघंही एकमेकांना आधी वाट देतायत,
अरुंद गल्लीतल्या दोन सभ्य माणसांसारखी,
आणि दोघांचीही टक्कर होतेय.

सांगावं की नाही, टेकडीच्या माथ्यापर्यंत ठरेना.
सांगितलं.
त्यांनी पायाकडे पाहिलं,
घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.
काही बोलले नाहीत.
उतारावर चप्पल काढली, तो पाय मागे घेतला,
सीटखाली दुमडून ठेवला. दुखत असणार.

पामबीचवर सपाट रस्ता, कडेला खाडीचं काळसर पाणी,
उजवा पाय स्थिर, मीच नजर ठेवून.
दुसरा.
आणि उंबरा.
आणि दणका.

आम्ही दोघं हसलो. आधी ते.
"आता माजा पाय कुठं हाय, सांग."
पाय सीटखालीच होता.

वर्कशॉपला परतल्यावर धक्का खोडला.
दोन बोटांच्या रकान्यात जागा उरली नव्हती,
समासात आडवं लिहिलं: गाडी विचार करते.
खाली त्यांची सही, मराठीत, मढवीचा ढ जरा जास्तच फिरवलेला, मग खोडून नीट केलेला.

संध्याकाळी वरून फोन.
मॅडम, विचार म्हणजे नेमकं काय? किती सेकंद?

मी मोजले होते.
सव्वा, म्हटलं.
चढावर दीड.