आठ मीटर

इकलाखभाईंनी हेल्मेट खोक्यातून काढताना
दुकानातला पंखा बंद केला,
जणू आत कुणी झोपलंय.
"ताई, यात मागचं दिसतं."
मी म्हटलं, पुढचं दिसलं तरी पुष्कळ.

माझं जुनं म्हणजे
काचेवर चार वर्षांच्या ओरखड्यांचं जाळं.
समोरून गाडी आली की एका दिव्याचे चाळीस व्हायचे,
आणि डिसेंबरात माझाच श्वास मला आंधळं करायचा.
म्हणून काच वर.
म्हणून डोळ्यांत चिलटं.
म्हणून सहाला दिंडोरीहून निघालेली मी
पावणेसातला लॅबमध्ये रडल्यासारखी पोचायचे
आणि परदेशी सर हळूच विचारायचे, घरी ठीक ना?
पाठीवर गार पेटी, पेटीत बावीस जणांचं रक्त.
त्यात माझं एक थेंबही नाही,
एवढीच माझी सुरक्षेची व्याख्या होती.

नवं घेतलं. सहा हप्ते.
उजवीकडे वरच्या कोपऱ्यात नखाएवढं चित्र:
मागे पडणारा रस्ता.
पहिल्या दिवशी त्यातच अडकले मी.
सोडून आलेलं सगळं किती नीटनेटकं लहान होत जातं,
स्टँड, टपरी, टपरीवाल्याचा उचललेला हात.

भाऊ सातपूरला मोजमापाच्या खात्यात आहे.
भाकरी मोडता मोडता म्हणाला,
साठच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटर जाते,
आणि कोपऱ्यात बघून परत यायला डोळ्याला
अर्धा सेकंद लागतोच.
म्हणजे दर वेळी आठ मीटर तू गाडीवर नसतेस.

मी टेप काढला. आमच्या दारापासून आठ मीटर
म्हणजे समोरच्या निकमांच्या पाण्याच्या टाकीपर्यंत.
डोळे मिटून चालून पाहिलं.
सातव्या मीटरला कुत्रं झोपलेलं होतं.
ते ओरडलं, मीही ओरडले,
निकमकाकू बाहेर आल्या.

पण खोटं कशाला बोलू?
काचेवर वाफ धरत नाही.
धुकं बाहेरच थांबतं, आत येत नाही.
आणि मागे एक लाल पट्टी आहे,
ब्रेक दाबला की पेटते.
म्हसरूळच्या अलीकडे एका टँकरवाल्याने
माझ्यासाठी दिवा खाली केला.
चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं
मी या रस्त्यावर आहे, हे रस्त्यालाही कळलंय.

मग ढकांब्याच्या पुढची ती पहाट.
धुकं असं, की माझाच दिवा माझ्यावर परत येत होता.
काच स्वच्छ. चित्र स्वच्छ.
मागे कुणी नाही, असं हेल्मेट सांगत होतं,
आणि मागे खरंच कुणी नव्हतं.
पुढे द्राक्षांच्या कॅरेटची ट्रॉली उभी,
ना दिवा, ना रेडियमची चिंधी.
हेल्मेटला ती माहीत नव्हती. मलाही.

ट्रॉलीच्या टोकाशी बसलेल्या बाईची
एक चप्पल खाली पडली होती,
ती शोधायला तिने मोबाइलचा टॉर्च लावला.
बस, तेवढंच.
कसे दाबले ब्रेक ते आठवत नाही.
गाडी थांबली तेव्हा तिचा अनवाणी पाय
आणि माझी काच यांत हातभर अंतर.
तिने टॉर्च माझ्या तोंडावर मारला,
मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाली,
"बाई गं, कायला एवढं बंद करून घेतलंय तोंड?
माझी चप्पल दिसली का कुठं?"

मी गाडीच्या दिव्यात शोधली.
निळी होती, पट्टा पिनेनं जोडलेला,
माझ्या चाकाखाली.

इकलाखभाई विचारतात, कसंय मग हेल्मेट?
काच चांगली आहे, मी म्हणते.
चित्र बंद करून टाकलंय दिवसा.
रात्रीचं अजून ठरलेलं नाही.

आणि रेडियमचं एक बंडल द्या, लाल.
नाही, गाडीला नको.