चौदाशेचं अंथरूण

नियम एवढाच, साइमी, तो आधी लिही:
शर्यत संपली की गाडी विकायला उभी.
किंमत ठरलेली, चौदाशे युरो.
कुणीही चिठ्ठी टाकावी, कुणाचंही नाव निघावं.
नाही म्हणेल त्याचा परवाना गेला.
म्हणजे अंथरूण इथं शिवूनच मिळतं,
आपण फक्त पाय आखडायचे.

ती सोळाची. दूधसंघाच्या फुकट डायरीत
मार्चच्या कोऱ्या पानांवर तिनं रकाने आखले.
पट्टी सापडेना, म्हणून
लोणी लावायच्या लाकडी सुरीनं.

कोरोला, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी: ३५०.
(मागच्या सीटवर कोंबडीचं घरटं. अंडी आम्ही परत दिली.)
पिंजऱ्याचे पाइप: २४०.
वेल्डिंग: बाबा.
बाबापुढं आकडा नाही, नुसती एक आडवी रेघ.
सीट, कुणीतरी वापरलेली: ९०.
पट्टे ११०, टायर १२०.
काचा काढून टाकायच्या, त्याला पैसे पडत नाहीत,
पडतात ते हातमोजे न घालणाऱ्याला.

हेल्मेटवर भांडलो.
जुनं चालेल म्हणाली, साठात मिळतंय.
मी म्हटलं, डोकं मिळतं का जुन्या बाजारात?
तिनं १८० लिहिले, आणि पुढं कंसात: बाबाचा हट्ट.

गाडीची बेरीज नऊशे दहा.
माझ्या बायकोनं ती दोनदा तपासली,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
‘आणि भीती? ती कुठल्या रकान्यात?’
आम्ही दोघांनी कॉफीत डोकं घातलं.

एप्रिल संपला तरी तळं गोठलेलंच.
गोठ्यात गाडी सुरू करून बघितली
तर तिसरा गिअर दातओठ खात होता.
साइमी शाळेत होती.
मी उर्पोकडं गेलो.
‘सहाशे,’ तो म्हणाला, ‘तुला म्हणून.’
कागद गिरणीतल्या रात्रपाळीचे पैसे
मी त्याच्या तेलकट तळहातावर मोजले.
डायरीत नोंद नाही.
पदरमोडीला कधी रकाना असतो का?

मग जूनमधला तो रविवार.
काइनूच्या जंगलात, खडी उपसून झालेल्या खाणीत
चोवीस गाड्या, डास, चिखल,
जाळावर फुगणारी सॉसेजं.
पहिल्याच वळणावर तिला कुणीतरी ढकललं,
तिचा उजवा दरवाजा टपाल पेटीसारखा आत गेला.
मी कुंपणाचा दोर धरून उभा,
आणि ऐकत होतो फक्त तिसरा गिअर.
लोण्यासारखा पडत होता.
लोण्यासारखा!
ती चौथी आली. चेहऱ्यावर दोन डोळे तेवढे स्वच्छ.

खोक्यात तिच्या गाडीसाठी अकरा चिठ्ठ्या.
बाकीच्यांच्या गाड्यांना एक, दोन, कुणाला शून्य.
चिखलातली माणसं
इंजिनाचा आवाज ऐकून व्यवहार करतात.
नाव निघालं तोर्स्ती नावाच्या पोराचं,
पायात आजोबांचे रबरी बूट, दोन मापं मोठे.
साइमीनं किल्ली दिली.
मग खिडकीतून वाकून त्याला काहीतरी समजावत राहिली,
क्लच कसा, कुठं अडखळते.
मी ऐकायला गेलो नाही.

परतीला रिकामा ट्रेलर.
रिकामा ट्रेलर भरल्यापेक्षा जास्त आवाज करतो.
रात्रीचे अकरा, तरी ऊन झाडांच्या शेंड्यांवर.
मी म्हटलं, बघ, चारशे नव्वद नफा झाला.
ती बोलली नाही.
डायरी काढली, मार्च उलगडला,
आणि माझ्यापुढच्या त्या आडव्या रेघेवर
सावकाश लिहिलं: ६००.

‘उर्पोकाकाच्या पोटात काही राहत नाही,’ म्हणाली.
‘एकशे दहा तोटा.’
मी गाडीचे दिवे लावले, उजेड असूनही.

थोड्या वेळानं,
‘बाबा, पुढच्या गाडीत कोंबडी नको.’
आणि जुलैचं पान आखायला
खिशातून ती लाकडी सुरी काढली.
घरी तिची आई ती आठवडाभर शोधत होती.