त्रेपन्न ओळी

सेलूच्या जिनिंगात काट्यावरचं कंप्युटर
सकाळी सातला उठायचं ते बडबडतच.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर:
मेमरी ठीक, डिस्क ठीक,
काट्याची तार शोधतोय,
शोधतोय,
सापडली.
मधेच एक तांबडी, घड्याळाचा सेल संपलाय.
ती वाचून मी तारीख हातानं घालायचो
अन् मग पहिला ट्रॅक्टर वर घ्यायचो.

मुनीमजी म्हणाले, झाक हे रडगाणं.
लाल अक्षर दिसलं की माणसं म्हणतात काटा बिघडला,
अन् ट्रॉल्या वळतात पाथरी रोडला.
त्यांचा भाचा आला परभणीहून,
कुठल्याशा फायलीत दोन शब्द टाकले,
'गुमान बस' अशा अर्थाचे.
दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर
नुसतं उमललेलं बोंड, खाली फिरतं चाक.
देखणं. मुकं.

सटवाजी गिराम लोकांचा माल वाहतो, हंगामात रोज.
ट्रॉलीवरच झोपतो, मिशीत रुई.
खिडकीतून वाकून म्हणाला,
"ते लिव्हणं कुठं गेलं?"
काका, तुम्हाला इंग्रजी येतं?
"वाचता येत नाही. मोजता येतं.
रोज त्रेपन्न येतात. पोळ्यानंतर एकदा एक्कावन्न आल्या,
तवा तूच म्हनला ना, थांबा, तार उंदरानं खाल्ली?"

मी हसण्यावारी नेलं. पावती काढून दिली.
त्यानं ती उजेडाला धरली. आकडे त्याला कळतात.
वजन अठ्ठावीस क्विंटल चाळीस किलो.
तारीख एक जानेवारी, दोन हजार नऊ.

"नऊ साली," तो सावकाश म्हणाला,
"माझ्याकडं ट्रॅक्टरच नव्हता की रे.
एक बैल होता, तो बी लंगडा.
एवढा कापूस म्या आणला कामून, अन् कशावर?"
रांग खो खो हसली.
मुनीमजी वहीत बघत राहिले.

आता चालू करताना मी हळूच एस्केप दाबतो.
बोंड बाजूला होतं.
मागं ओळी चाललेल्याच असतात,
त्या कधी थांबल्याच नव्हत्या,
भिंतीपलीकडं कुणी आपल्याशीच बोलत बसावं तशा.
मुनीमजी चहाला गेलेले असतात म्हणा.
खिडकीत सटवाजीचे ओठ हलतात,
पन्नास, एक्कावन्न.

नवा सेल मी आणलाय, तीस रुपयांचा,
आठ दिवस झाले, शर्टाच्या खिशात आहे.
बसवला तर बावन्नच येतील.
मग त्याला काय सांगू?