शकिलाभाभीच्या फ्रिजमधला कप्पा

सकाळी सात वाजता, गिरणीचा पट्टा चढवण्याआधी
मी शकिलाभाभीच्या दारात उभी राहायची.
आमच्याकडे फ्रिज नव्हता.
पुसदच्या या अंगाला मे महिन्यात
माठातलं पाणीसुद्धा कोमट निघतं,
औषध कुठं ठेवणार?
तिच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात,
लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी
माझं इन्सुलिन सहा वर्षं राहिलं.
भाड्यापोटी मी तिचे गहू दळून द्यायची.
हिशेब कुणीच मांडला नाही.

लाईन गेली की ती भिंतीवरून ओरडायची,
"फ्रिज उघडू नोको म्हणा पोट्ट्यायले,
बाईचं औषध हाय त्यात!"
तिची नातवंडं त्या कप्प्याला भ्यायची,
थंड पाणीसुद्धा विचारून घ्यायची.

वजन मी गिरणीच्याच काट्यावर केलं,
रात्री, शटर अर्धं ओढून.
एकशे एकवीस.
एक क्विंटल आणि वर पाच पायल्या.
किलोत सांगायची लाज वाटते,
ज्वारीत सांगायची नाही.

मोरीत मुंग्यांची रांग लागायची.
गुलाबदादाच्या मोरीतही लागायची, आधीपासून.
त्याचा डावा पाय घोट्याखाली नाही आता.
तो गल्ल्यावर बसतो, डब्यांवर खडूनं नावं लिहितो.

डाळमशीन विकली.
नागपूरला पोट कापून लहान केलं,
"केळ्याएवढं ठेवलंय," डॉक्टर म्हणाले,
कुठल्या जातीचं, ते मी विचारलं नाही.
चौथ्या दिवशी नर्सनं बोट टोचलं:
एकशे चौदा.
म्हटलं, परत पाहा बाई,
बोट दुसऱ्या कुणाचं असंल.

मग सुई सुटली. मग एक गोळी. मग दुसरी.
वर्ष झालं तेव्हा तीन महिन्यांची साखर
पाच पूर्णांक सहा.
डॉक्टर म्हणाले, "बरी झाली म्हणू नका.
निजलीय ती. जागी होऊ शकते.
दर तीन महिन्यांनी येऊन पाहत जा."

आता वाटीभर वरणाला अर्धा तास लागतो,
मध्येच गिऱ्हाईक येतं, वरण गार होतं.
केस कंगव्यात भरून निघाले, थोडे परत आले.
दंडाखालची कातडी
पट्टा ओढताना वेगळीच हलते.
रोडग्यांच्या पंगतीत वाढपी थांबून विचारतो,
"काऊन वं बाई, रागावली का आमच्यावर?"
अर्धं गाव म्हणतं, रया गेली.
उरलेलं अर्धं विचारतं, किती लागले?
पेढ्याचा एक तुकडा खाल्ला पोराच्या निकालाला,
तर दरदरून घाम, छाती धडधड,
ओसरीवरच आडवी झाले तासभर.

आणि मुंग्या येत नाहीत.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
पहाटे मोरीत दिवा लावून बघते, कोरडा कोपरा,
कोपऱ्यात एक साबणाचा तुकडा.

दादाला इंग्रजी येत नाही, आकडे येतात.
त्यानं रिपोर्ट उलटसुलट पाहिला,
घडी घालून गल्ल्यात ठेवला, सुट्या पैशांखाली.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"माह्या पायानं कोणाचं काय बिघडवलं होतं?"
मी दगडाला टाकी लावायला बसले.
त्या दिवशी दळण नव्हतं फारसं.
तरी संध्याकाळपर्यंत टाकी लावत होते.

अजून सातला पाय तिकडंच वळतात.
भाभी दार उघडते, आधी घराचं, मग सवयीनं फ्रिजचं.
पिवळा उजेड आमच्या दोघींच्या पायांवर पडतो.
कप्पा रिकामा.
लोणच्याची बरणी जराशी कलंडलेली,
टेकायला शेजारी काही नाही तिला.
"काही ठेवू का तेथं?" तिनं एकदा विचारलं.
"पोट्टे दह्याची वाटी ठेवतो म्हणतात."

म्हटलं, राहू दे.
निजलेल्याची जागा कोणी देते का दुसऱ्याले?

ती काही बोलली नाही.
गव्हाचा डबा पुढं सरकवला,
"बारीक काढजो," म्हणाली,
आणि फ्रिजचं दार गुडघ्यानं लोटलं.