जमिनीवर काय आहे

बँकेतल्या मुलाने विचारलं, जमिनीवर काय आहे?
मी म्हटलं, काही नाही.
त्याने टाइप केलं : काही नाही.
आणि व्याजाचा दर पावणेदोन टक्क्यांनी चढला.

घर असतं तर तीस वर्षं मिळाली असती.
रिकाम्या जमिनीला दहा, आणि पस्तीस टक्के आधी रोख.
घर सोडून जाताना माणूस दहादा विचार करतो, तो म्हणाला,
रिकामी जमीन कोणीही सोडून जातं.
त्याच्या टायवर बारकी बारकी बदकं होती.

शेतकी कर्जाच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं,
पिकवणार काय?
हेरंबला खोटं बोलता येत नाही.
काहीच नाही, म्हणाला,
फक्त तिथे कुणी गोदाम बांधू नये.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
काही न पिकवण्यासाठी
विस्कॉन्सिनमध्ये फॉर्म नाही.

मग रात्री ओट्यापाशी, वीजबिलाच्या पाकिटामागे,
आकडे.
राहतं घर गहाण टाकलं तर?
धायरीचा फ्लॅट विकला तर?
(भाडेकरू चांगला आहे. दिवाळीला फोन करतो.)
ऋजुताच्या कॉलेजच्या रकमेला
आम्ही दोघांनीही हात लावला नाही,
नजर मात्र दोघांचीही तिथेच.
खिडकीबाहेर नऊ एकर काळोख,
सोयाबीनचे खुंट,
आणि हरणांची एक वाट
जी कुठल्याच नकाशात नाही.

मोजणीला ड्वेन आला, नारिंगी झेंड्या घेऊन.
रोवत रोवत आला तो थेट आमच्या अंगणात,
कढीपत्त्याची कुंडी उचलून बाजूला ठेवली
आणि तिच्या जागी झेंडी रोवली.
गॅरेजची पूर्वेची भिंत, खताचा खड्डा, पाण्याचा नळ,
चार फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
ऑड्री टॉर्गरसन यांच्या जमिनीत.
अकरा वर्षं!
आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात.
त्यापायी सख्खे भाऊ
एकमेकांच्या मयताला जात नाहीत.

नारळाच्या वड्या घेऊन गेले कबुली द्यायला.
ऑड्रीने एक खाल्ली, दुसरी घेतली.
अठ्ठ्याऐंशीपासून माहीत आहे, म्हणाली.
तुमच्या आधीच्याने बांधलं ते.
आर्नीने पाहिलं, टोपी मागे सरकवली,
म्हणाला, गॅरेज कुठे पळून जातंय.

आर्नीला जाऊन सहा वर्षं झाली.
गॅरेज तिथेच आहे.

बँकेला कशाला देता? तीच म्हणाली.
मला द्या. दर मार्चच्या एक तारखेला.
बारा वर्षं. व्याज चार टक्के, फुकट नाही देणार.
शेवटचा चेक मिळेपर्यंत कागद माझ्या नावावर.
ऑड्री एक्याऐंशीची आहे.
माझ्या चेहऱ्यावरची वजाबाकी तिने वाचली असावी.
त्र्याण्णव, ती म्हणाली. म्हणून उशीर करू नका.

वकिलाने मुलांच्या सह्या घेतल्या,
थोरला टेक्ससमध्ये, धाकटी बोलत नाही,
पण सही केली तिने.
मी विचारलं, आणि त्या चार फुटांचे किती?
ते तुम्ही आधीच वापरलेत, ऑड्री म्हणाली,
वापरलेलं स्वस्त पडतं.

आज पहिला हप्ता.
रस्त्याने गाडी काढली तर दोन मैल,
आम्ही शेतातून गेलो, बर्फ घोट्यापर्यंत.
तिने चष्मा लावून तारीख तपासली,
बियाण्यांच्या कॅटलॉगच्या कोपऱ्यावर पावती लिहिली
आणि कोपरा फाडून दिला.

परतताना हेरंब मध्येच थांबला.
नऊ एकर, बारा हप्ते,
म्हणजे यातलं पाऊण एकर आजपासून आपलं.
कुठलं पाऊण?

मी वळून पाहिलं. सगळं पांढरं.
टिटवीची इथली कुणी चुलत बहीण
बर्फ विरघळलेल्या हातभर जागेत
आमच्यावर ओरडत होती,
जागा तिची असल्यासारखी.

ते नको, मी म्हटलं. तिथे कुणीतरी आहे.

हेरंबने टोपी मागे सरकवली.