दहा-शून्य

अंगठा आला दुधाच्या पिशवीत,
पिशवी मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत,
पेटीला अजून तारल्यांचे खवले चिकटलेले.
लादी फोडताना कुऱ्हाड निसटली, म्हणे,
कुटबणच्या जेटीवर, पहाटे तीनला.
गड्याचं नाव सोमाय हेंब्रम. गाव दुमक्याकडे कुठेतरी.
तांडेल पुन्हा पुन्हा सांगत होता,
"बर्फापायी गेला बाये, नि बर्फानंच राखला."

बांबोळीत उजाडलं तेव्हा
मी चहा नको म्हटलं. चहा हाताला कळतो.

भिंगाखाली अंगठा अंगठा राहत नाही.
पांढरट उतार, त्यात मिलिमीटरभर तोंडाची धमनी,
तोंडावर शेवाळासारखा लोंबणारा पदर.
तो आधी छाटायचा,
आत राहिला तर रक्त त्यालाच धरून बसतं.
दोन्हीकडे चिमटे. खाऱ्या पाण्याची पिचकारी.
मग दहा-शून्य नंबरचा धागा,
जो खाली पडला तर
चार माणसांनी गुडघ्यांवर बसून शोधला
तरी सापडत नाही.

हे मी शिकले कोंबडीच्या मांडीवर.
रोज दोन तंगड्या, ताळगावच्या बाजारातून.
शिरा मी शिवायच्या,
उरलेलं कायतान शागोतीला न्यायचा.

श्वास सोडल्यावर, पुढचा घेण्याआधी
एवढीशी सपाट जागा असते,
सुई तिथेच चालते.
मागची भिंत चुकून टाक्यात आली
तर वाट बंद, आणि ते कळतं शेवटी.
आठ टाके. मला विचाराल तर सातवा वाईट बसला.

चिमटा काढला.
काही नाही.
कोमट पाण्याचा बोळा. थांबलो.
भूल देणारे प्रियोळकर उगाच नळी नीट करत राहिले.
काही नाही.
मग नखाखाली, एका कडेनं,
अर्ध्या पिकल्या जांबाचा रंग.

तिसऱ्या रात्री निळा पडला. आलेलं रक्त परतेना.
जळवा लावल्या.
सोमाय पहिल्यांदा हसला:
"भाताच्या शेतात यांना उपटून फेकायचो, मॅडम."

आता विचारतो, याला कळेल का काही?
रेशनच्या यंत्राला कळेल, मी म्हणते,
ठसा तुझाच आहे, जुनाच.
पण मज्जातंतू दिवसाला मिलिमीटर चालतो.
पट्टी ठेवून मोजते: साठ.
त्याच्यासमोर बोटं मोडत हिशोब करते.
चवथ येईल. माटोळी उतरेल.
दसऱ्याच्या सुमाराला, कदाचित,
बर्फ थंड लागेल.